तिसऱ्या हाकेपर्यंत

सुरंगीचा वास आला की मला भीती वाटते.

हे मी चारचौघांत बोलत नाही. आमच्या सिंधुदुर्गात सुरंगी नको म्हणणाऱ्या बाईकडे लोक काळजीनं बघतात. फाल्गुन लागला की कसालच्या तिठ्यावर एसटी थांबते, टोपल्यांतून वळेसार घेऊन बाया खिडकीशी येतात, वळेसार म्हणजे सुरंगीचे घट्ट गुंफलेले गजरे, आणि बघता बघता अख्खी गाडी त्या वासानं भरून जाते. परवा असंच झालं. मी कणकवलीला शाळेत निघाले होते. शेजारच्या बाईनं वळेसार नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "बाय गो! वर्साची वाट बघूक लागता ह्या वासाची." मी हसले. पिशवीचे बंद मी हातात घट्ट आवळून धरलेत, हे तिला दिसलं नसावं. ऊन लख्ख होतं, हायवेवर गाडी सुसाट चालली होती, भिण्यासारखं आसपास काही म्हणता काही नव्हतं.

मी जात्याच भित्री आहे. विजेला भिते, पालीला भिते, वर्गात पोरांसमोर उगाच मोठा आवाज काढते तोही भीतीपोटीच. पण या भीतींशी माझं एव्हाना जमलं आहे. घरातल्या जुन्या भाडेकरूंसारख्या त्या आपापल्या कोपऱ्यात असतात आणि मी माझ्या. सुरंगीच्या वासाची भीती वेगळी. ती वर्षातून एकदाच येते, आणि येते ती मला पार लहान करून टाकते. फ्रॉक घातलेली, नाक वाहणारी, थंडीनं आणि भयानं काकडलेली मुलगी करून टाकते.

कणकवलीहून आचऱ्याकडे जाताना आमचं जुनं गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला सरकारांची बाग. सरकार म्हणजे एके काळचे इथले धनी. त्यांच्यातला कुणी एक पूर्वज लांबलांबचे देश बघून आला आणि तिकडच्या बागा डोक्यात घेऊन आला, असं सांगतात. त्यानं डोंगर उतरता करून घेतला, जांभ्या दगडाची कुंपणाची गडगी घातली, तळं खोदलं, तळ्याला चारी बाजूंनी पायऱ्या केल्या. फाटकापासून बंगल्यापर्यंत पामची दुहेरी रांग लावली. नेचे ठेवायला काचेचं घर बांधलं. हिरवळीच्या दोन टोकांना दोन दगडी सिंह बसवले. आणि हे सगळं विलायती झाल्यावर त्याला आपल्या मातीची आठवण झाली असावी, कारण बागेच्या मागच्या बाजूला, बांबूच्या बेटाच्या अलीकडे, त्यानं सुरंगीची अख्खी राई लावली. फाल्गुनात वारा फिरला की वास थेट बंगल्याच्या माडीवर जात असे.

आम्ही त्या माडीवरचे नव्हतो. आम्ही राईतले होतो.

हंगामात सरकारांकडून सुरंगीची झाडं गावातल्या घरांना तोडायला मिळत. एक झाड आमच्याकडे होतं. हे काम उजेडाच्या आधीचं. कळी मिटलेली असेपर्यंतच काढायची. ऊन लागलं की ती उमलते, मग मधमाश्यांची झुंबड उडते आणि झाडाजवळ उभं राहता येत नाही. म्हणून अंधारातच जायचं. मागच्या फाटकानं शिरायचं, चपला बाहेर काढायच्या, झाडाखाली जुनी लुगडी पसरायची. बाबा वर चढत. सुरंगीची फुलं जाड फांद्यांच्या अंगालाच चिकटून लागतात. बाबा ती हातानं निरपून खाली सोडत आणि अंधारात लुगड्यावर त्यांचा बारीक, अगदी हलका आवाज येत राही. मी आणि आई खाली बसून देठ-पानं वेगळी करायचो. कुणी बोलायचं नाही. शेजारच्या झाडांखालीही माणसं असत, पण ती दिसत नसत. मधेच कुणी खोकलं की कळायचं, तिथेही कुणीतरी आहे.

मला तिथे जाम भीती वाटायची. वर बाबा आहेत हे माहीत असायचं, पण फांदी करकरली की वाटायचं, वर बाबाच आहेत कशावरून? समोर आई आहे, पण तिचं तोंड दिसत नाही, नुसते हात हलताहेत. आणि भोवती तो वास. उघड्यावर सुरंगी इतकी दाट होते की श्वास घेताना काहीतरी गिळल्यासारखं वाटतं.

बागेला न दिसणारा राखणदार आहे, हे गावात सगळे धरून चालतात. तो वाईट नाही, हद्द राखतो. पण राखणदाराशिवायही बागेत काहीबाही असतं, आणि त्याला माणसांची नावं कळली की ते हाक मारतं, असंही सगळे धरून चालतात. पहिल्या हंगामातच आईनं मला जवळ घेऊन कानात सांगितलं होतं, "हंय कोणी नावान हाक मारल्यान तर पयल्या हाकेक ओ देव नको. दुसऱ्याकय नको. तीन हाका पुऱ्या होवंदेत, मगे ओ दी."

"कित्या?"

"भूत दोनदाच हाक मारता. तिसरी हाक तेका जमना नाय."

"कित्या जमना नाय?"

आई विचारात पडली होती. मग म्हणाली, "तेका तेवढी कळकळ नसता गो. दोनदा बोलावन आपण नाय इलंव, तर ता दुसऱ्याक सोदूक जाता. आपल्या माणसाक तसा जावचा नसता."

आता मी पोरांना विज्ञान शिकवते. ध्वनी कसा निर्माण होतो, प्रतिध्वनी कसा ऐकू येतो, सगळं फळ्यावर काढून दाखवते. तरी आजही संध्याकाळी मागीलदारी कुणी हाक मारली की मी लगेच ओ देत नाही. नवरा वैतागतो. "कानात बोळे घातलेत काय?" म्हणतो. मी मोजत असते.

आईला विसर पडू लागला तो हळूहळू. आधी डब्यांची झाकणं बदलली. मग देवापुढे दिवा लावला की नाही, हे ती पुन्हा पुन्हा विचारू लागली. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण ती त्यांच्यासाठी भाकरी झाकून ठेवू लागली. मी तिला कसालला माझ्याकडे आणलं. पाय तिचे ठणठणीत. कडी नीट लागली नाही की ती निघालीच समजायचं. एकदा तिठ्यावर सापडली, एकदा कुणाच्या तरी काजूच्या बागेत. दर वेळी मी धावताना एकच गोष्ट मनात म्हणायची: या वेळेला सापडू दे, पुढच्या वेळेचं पुढे बघू.

गेल्या वर्षी फाल्गुन लागला आणि ती अंधारात उठून बसू लागली. कपाटातल्या साड्या काढायची, घड्या मोडून परत घालायची. "चल गो, उशीर झालो. सुरंगी फुलतली," म्हणायची. मी दार अडवून उभी राहायची आणि ती माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघायची. कणकवलीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "जुन्या जागा दाखवून आणा. कधी कधी त्यानं बरं वाटतं." मला त्या बागेचं नाव काढल्यावरच घाम फुटला होता. पण तिला बरं वाटणार असेल तर माझ्या घामाचं काय एवढं, असं स्वतःला समजावून मी एका दुपारी तिला घेऊन निघाले.

सरकारांची बाग आता सगळ्यांना खुली आहे. बंगल्याला नवा रंग दिलाय, खाली जुनी शस्त्रं आणि पालख्या मांडल्यात. फाटकाशी तिकिटाची खिडकी आहे. झाडांना नावांच्या पाट्या आहेत, सिंहांपाशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी आहे, काचेच्या घराशेजारी सोलकढी मिळते. "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी आणि तिच्या बाजूला शिट्टी घेतलेला वॉचमन. खाकी कपड्यांतला, केस पिकलेला माणूस, इथल्याच गावचा. जे लहानपणी नुसत्या अंधाऱ्या आकारांत पाहिलं होतं, ते सगळं उन्हात स्वच्छ दिसत होतं. सिंह तर मला वाटले होते त्याच्या निम्मेही नव्हते. मला बरं वाटायला हवं होतं.

आईला मात्र काहीतरी खुपत होतं. पामच्या रांगेतून चालताना तिनं माझा हात गच्च धरला. "ह्या कोणाचा गो?"

"सरकारांचा."

"मगे आपण पुढल्या दारान कित्या इलंव?" ती घाबरी होऊन इकडेतिकडे बघू लागली. "आपणाक मागल्या दारान जावचा असता. कोणी बघल्यान तर?"

"आता चलता, आये. तिकीट काढलंय."

तिला ते पटलं नाही. मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली बाक होता, तिथे मी तिला बसवलं. ती पदर सावरून अगदी कडेवर बसली, कुणी उठवलं तर चटकन उठता यावं अशी. वारा राईच्या बाजूनं यायला लागला होता. वास आला आणि तिनं मान वर केली. मीही केली. तो वास आमच्या दोघींच्या अंगावरून एकदमच गेला, आणि मला वाटलं, आत्ता तिला उचलून घरी न्यावं. पण तिचे ओठ सुकले होते. पाणी आणायला मी सोलकढीवाल्याकडे गेले. मागे वळून बघत बघत गेले. येताना सुट्ट्या पैशांपायी खोळंबले आणि तेवढ्यात बघायचं राहिलं.

बाक रिकामा होता. बाकाखाली तिच्या चपला होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या.

भीती माणसाला मूर्ख करते. मी आधी बाकाच्या मागे बघितलं. मग झाडाच्या बुंध्याला फेरी मारली. मग पाण्याची बाटली बाकावर उभी करून ठेवली, ती पडली, ती पुन्हा उभी केली. वॉचमन आला. मी त्याला सांगितलं, "माझी आई. हिरवी साडी. तिला काही आठवत नाही." त्यानं चपलांकडे बघितलं आणि मग त्याची नजर तळ्याकडे गेली. त्याची नजर गेली तेवढंच मला पुरलं.

तळ्याला कठडा नाही. कधीच नव्हता. पाणी हिरवं, निपचित, वर कमळाची पानं. मी पायऱ्यांवर ओल्या पावलांच्या खुणा शोधत होते. सापडू नयेत म्हणून शोधत होते. मधल्या एका पानाखाली पाणी हललं आणि माझा जीव गेला; बेडूक होता. पाणी पुन्हा निपचित झालं. त्या पाण्याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीनं माइकवरून सांगितलं, "एक वयस्कर बाई हरवल्या आहेत. हिरवी साडी नेसल्या आहेत. कुणाला दिसल्यास फाटकाशी कळवावे." तो आवाज कर्ण्यांतून सगळ्या बागेत फिरला. परत निघालेली माणसं थांबली. भलीच माणसं ती. कुणी काचेच्या घराकडे गेलं, कुणी आमराईत, "आजीऽऽ" म्हणून हाक मारली आणि पुढे गेलं. मी पामच्या रांगेत धावले, "आयेऽऽ" म्हटलं आणि पुढे धावले. सिंहापाशी "आयेऽऽ". कैलासपतीच्या झाडाखाली "आयेऽऽ". ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. खालचं सगळं सावळं होत चाललं होतं, आणि दिवसा स्वच्छ दिसलेली बाग एकेक करून आपले जुने आकार परत घेत होती.

वॉचमन मागच्या बाजूनं धापा टाकत आला. "राईकडेय बघून इलंय. थंय तार लावलेली आसा, माणसांक आत सोडणत नाय. हाक मारलंय. कोण नाय."

मी दुसऱ्या सिंहाला टेकून उभी होते. आणि तशी उभी असताना मला ती पहाट आठवली. आठवली हे बरोबर नाही. ती पहाट येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

त्या पहाटे मी आईला न सांगता लुगड्यावरून उठले होते. लघवीला जायचं होतं, लाज वाटत होती, म्हणून बांबूच्या बेटाआड गेले. परत वळले तर राई जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. सगळीकडे बांबूच. वारा नसताना करकरणारा. मी जागच्या जागी खाली बसले. थोड्या वेळानं तळ्याच्या अंगानं बाबांची हाक आली, "सुलूऽऽ". मी तोंड उघडलं आणि मिटलं. एक झाली. दुसरीची वाट बघितली, ती आली नाही. मग काचेच्या घराच्या बाजूनं वेगळाच आवाज, शेजारच्या झाडावरच्या तातूचा, "सुलूऽऽ". तीही एकच. मग कुठूनतरी तिसराच आवाज, आणि पुन्हा एकच. मला रडू फुटलं. तीन आवाजांच्या तीन हाका चालतात का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज बदलून कुणी एकटंच फिरत असेल तर? मी मूठ तोंडात कोंबली. सगळे मला शोधत होते, प्रत्येक जण घाईघाईनं एक हाक मारून पुढे पळत होता, आणि मी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर बसून गप्प होते. शिकवलं तसं वागत होते.

मग आईची हाक आली. "सुलू गोऽऽ." ती धावत नव्हती. एका जागी उभी होती, हे आवाजावरून कळत होतं. मग तिनं वेळ जाऊ दिला. इतका, की मला वाटलं, गेली. "सुलू गोऽऽ." पुन्हा तसाच वेळ. बांबू करकरला. मी डोळे मिटून घेतले होते. आणि तिसरी. तिसरी पहिल्या दोन्हींपेक्षा लांब होती, तिच्यात आई शेवटाला चिरकली होती. माझा ओ इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही. पण तिला आला. ती आली, तिनं मला उभं केलं, पाठीत एक धपाटा घातला आणि मग पोटाशी इतकं धरलं की मला तिच्या पोटातली धडधड ऐकू येऊ लागली. "खंय होतंस गो इतको वेळ?" ती विचारत होती. मी कुठे होते ते मला माहीतच नव्हतं. बाबा मागाहून आले तेव्हा आमच्या झाडाच्या त्या दिवसाच्या कळ्या उन्हानं उमलून गेल्या होत्या आणि सगळ्या राईत मधमाश्याच मधमाश्या होत्या.

मी वॉचमनला विचारलं, "राईत कितीदा हाक मारलात?"

"एकदा," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला. तो इथलाच. त्यालाही कुणीतरी लहानपणी कानात सांगितलेलं असणार. "आवशीक माझ्या…" अशी स्वतःलाच अर्धी शिवी त्यानं घातली, आणि आम्ही दोघं तारेच्या दिशेनं चालू लागलो.

तारेखालून वाकून गेलो. राईत दिवस आधीच संपला होता. खाली फुलांचा खच, वर मिटलेल्या कळ्या, आणि तो वास, तोच, जराही म्हातारा न झालेला. मला पळून जावंसं वाटत होतं. हे मी लपवत नाही. आई आत असेल तर या वासात कशी असेल, आणि नसेल तर मग ती कुठे, या दोन्हींच्या मधे उभं राहणं मला झेपत नव्हतं. मी पाय रोवले. "आयेऽऽ."

काही नाही. वॉचमन पुढे जायला निघाला, मी त्याचा हात धरून थांबवला.

"आयेऽऽ."

बांबू करकरला. तिसरी हाक मारायला जी हिंमत लागते ती मला तोवर ठाऊक नव्हती. पहिल्या दोन हाकांना उत्तर आलं नाही तर आशा ठेवता येते. तिसरीला आलं नाही तर काय ठेवायचं? आईनं त्या पहाटे एवढा वेळ का घेतला होता, ते मला तेव्हा कळलं. मी मारली. "आयेऽऽ!"

"ओ," असा आवाज आला. अगदी जवळून. आमच्याच झाडाखालून.

ती जमिनीवर बसली होती. अनवाणी, पदर पुढे पसरलेला, पदरात थोडी फुलं. मी धावत गेले, तिच्यापुढे बसले, तिचे गुडघे धरले. "आये, मी सुलू!"

ती माझ्यापासून मागे सरकली. तिच्या डोळ्यांत भीती होती, माझी भीती. "तू सुलू कशी?" ती म्हणाली. "माझा सुलू एवढासा आसा." तिनं कमरेशी हात धरून दाखवला. "ता बांबूकडे गेला आणि हरावला. मी तेका अजून हाक मारूक नाय. हाक मारूच्या आधी येता ती कोण गो तू?"

मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्याच्या भीतीनं मी जन्मभर संध्याकाळी दारात गप्प उभी राहिले, ते मीच होते. न बोलावता आलेलं, ओळखीचं नाव सांगणारं. माझ्या आईसमोर मी तशी बसले होते आणि ती मला बघून थरथरत होती. तिला समजावून काही उपयोग नव्हता. समजावणारी मी, आणि मीच खोटी.

"मगे हाक मार," मी म्हटलं. "तीनदा मार. ता नक्की येतला."

मी उठले. वॉचमनला म्हटलं, "तुम्ही हिच्यापाशी रवा. काय बोलू नकात." आणि जिच्यासाठी अख्खी बाग पालथी घातली, तिला तिथे सोडून मी बांबूच्या बेटाकडे चालत गेले. बेट वाढलं होतं. आत शिरले. आत काळोख होता, पायाखाली सुकलेली पानं वाजत होती. मी जिथे बसले होते ती जागा हीच का, कोण सांगणार. मी तिथे खाली बसले. एवढ्या वयाची बाई, पंजाबी ड्रेस घातलेली, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, मूठ तोंडाशी.

"सुलू गोऽऽ."

आवाज फाटका होता, पण तिचाच. मी ओ दिला नाही.

"सुलू गोऽऽ."

ही पहिलीपेक्षा लहान होती. मग शांतता. मी वाट बघत राहिले. ती वेळ घेते आहे, तिची पद्धतच तशी, असं मनाला सांगत राहिले. मग मनाला सांगायचं संपलं. बांबूच्या फटींतून ती पुसट दिसत होती. तिनं मान खाली घातली होती. पदरातली फुलं निवडत होती, एक घेत होती, देठ काढत होती, बाजूला ठेवत होती. ती विसरली होती. कुणाला हाक मारत होतो, का मारत होतो, सगळं. माझ्या आयुष्यात मी तेवढी कधी भ्यायले नाही. तळ्याच्या काठीही नाही. तिथे आई हरवली होती. इथे तिच्यातून मी हरवत होते, आणि ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. आपण होऊन ओ द्यावा असं अगदी ओठांवर आलं. पण न बोलावता एकदा गेलेच होते, आणि तिनं माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघितलं होतं ते डोळे मला पुन्हा नको होते.

वाऱ्याची एक झुळूक आली. वरून काही फुलं तिच्या पदरात पडली, तो बारीक आवाज मला इथे ऐकू आला की मला तसं वाटलं, माहीत नाही. तिनं वर बघितलं. मग बांबूकडे बघितलं, बराच वेळ. दोन्ही हात जमिनीला टेकून ती उभी राहिली.

"सुलू गोऽऽऽ!"

लांब, आणि शेवटाला चिरकलेली.

"ओ, आये."

मी बाहेर आले. ती तशीच उभी होती, पदरातली सगळी फुलं पायांवर सांडलेली. मी जवळ गेले तेव्हा तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, पाठीत एक धपाटा घातला, अंगात जोर नसलेला, आणि विचारलं, "खंय होतंस गो इतको वेळ?"

"हंयच होतंय," मी म्हटलं. "तुझ्या हाकेची वाट बघी होतंय."